सात किलोंत काय काय?

उद्या पहाटे पुणे–दिल्ली. हातातली बॅग एकच, ७ किलोंची, ५५ × ३५ × २५ सेंटीमीटरची. चाकांची बॅग रिकामीच दोन-अडीच किलो खाते, म्हणून कापडी सॅक काढली. जाड स्वेटर अंगावर, बूट पायांत. पॉवर बँक मात्र हातातच हवी. चेक-इनच्या सामानात चालत नाही. मावशीसाठी काढलेलं सुकं खोबरं राहिलं. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून विमानात बंदी. नियमांवर चिडायला होतं खरं. पण डोक्यावरचा कप्पा सगळ्यांचाच असतो. सामान कमी करताना कळतं, निम्मं आपण 'असू दे' म्हणूनच भरतो. मावशीला चिक्की नेईन. चिक्कीला वजन आहे, पण हरकत कुणाची नाही.