उभ्या गाडीचा करंट

आमच्या घरात चुली तीन आणि गाडी एक. मुळा धरणाच्या कालव्याखालचं आमचं गाव, राहुरी तालुक्यातलं. घरातल्या वडीलधाऱ्या आबांच्या नावावर पेट्रोलची एक छोटी जुनी मोटार आहे आणि तिच्यावर तिन्ही घरांचा सारखा हक्क. थोरले दीर कांद्याच्या दिवसांत तिच्यातून घोडेगावच्या बाजारात जातात. मधले दीर सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहेत. ते सुट्टीला आले की गाडी त्यांच्याकडे. आमच्या वाट्याला दवाखाना, बँक आणि लग्नकार्यं.

पण ही गाडी दारात ठेवण्याचं खरं कारण आजी. आजींनी पंच्याऐंशी ओलांडली आहे आणि त्यांना दम्याचा त्रास आहे. रात्री-अपरात्री दम वाढला तर नगर गाठावं लागतं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी आमच्या बोलण्यात ते नगरच. अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटरचं. अशा वेळी गाडी कुठे आहे आणि किती वेळात दारात येईल, हे घरातल्या बाईला कळायला हवं. फोन लावावा तर कोणी शेतात, कोणी लिलावात, कोणाची बॅटरी संपलेली. म्हणून गाडीत जीपीएस बसवायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण लग्नाआधी मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता.

हजार-दीड हजारात मिळणारं साधं यंत्र घेतलं. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं. आत एक जीपीएसचा रिसीव्हर, सिम घालायचा एक मोडेम आणि लिथियमचा एक छोटा सेल. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत ऐकायचे, जागा काढायची आणि ती मोबाइलच्या जाळ्यावरून आमच्या फोनवर पाठवायची, एवढंच त्याचं काम. मोडेम २जीचा असल्यामुळे ज्या कंपनीचं २जी आमच्या गावात चालतं तिचंच सिम घातलं. यंत्रातून वायरी चार निघत होत्या: लाल, काळी, चावीची आणि इंजिन बंद करणाऱ्या रिलेची. चौथी आम्ही टेप लावून गुंडाळून ठेवली. चालत्या गाडीचं इंजिन फोनवरून बंद करता येण्याची सोय आमच्या घरात कोणालाच नको होती.

राहुरीत ओळखीच्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, डायरेक्ट देऊ का चावीवर?”

सगळा विषय या प्रश्नात होता. डायरेक्ट म्हणजे सरळ बॅटरीवरून. गाडी बंद असली तरी यंत्र चालू. चावीवर म्हणजे चावी फिरवली की चालू, काढली की बंद. मिस्त्री शिर्डीच्या प्रवासी गाड्यांना अशी यंत्रं नेहमी बसवतात. प्रवासी वाहतुकीच्या नव्या गाड्यांना १ जानेवारी २०१९ पासून एआयएस-१४० या मानकाचं यंत्र सक्तीचं झालं आहे. अशी सगळी यंत्रं आपण डायरेक्ट जोडतो आणि कोणाची तक्रार येत नाही, असं मिस्त्रींनी सांगितलं. ते खरंही होतं. शिर्डीहून शनिशिंगणापूरला भाविक नेणारी गाडी रोज धावते, अल्टरनेटर रोज बॅटरी भरतो. रात्रभरात यंत्राने खाल्लेलं सकाळच्या पहिल्या फेरीत भरून निघतं.

आमची गाडी मात्र आठ-आठ, दहा-दहा दिवस गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते, आणि जेव्हा लागते तेव्हा ती पहिल्या सेल्फला सुरू व्हावीच लागते. आजींना दम लागलेला असताना धक्का मारायला माणसं गोळा करणं आम्हाला परवडणार नव्हतं. म्हणून मी मिस्त्रींना म्हटलं, आधी मोजू, मग जोडू.

मोजणं अवघड नाही, पण रीत पाळावी लागते. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडून केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर लावायचा, त्याच्या १० अँपिअरच्या खाचेत वायर घालून. दारं लागलेली हवीत, आतला दिवा बंद हवा. मग वीस-तीस मिनिटं थांबायचं, कारण चावी काढली तरी गाडीतले छोटे संगणक लगेच झोपत नाहीत. मीटर लावलेला असताना सेल्फ अजिबात मारायचा नाही. सेल्फचा करंट शंभर अँपिअरच्या पुढे जातो, मीटरचा फ्यूज तिथेच उडतो.

आमची गाडी एकटी, यंत्राशिवाय, पंचवीस मिलिअँपिअरच्या आसपास घेत होती. घड्याळ, रेडिओची आठवण, सेंट्रल लॉक यांना तेवढं लागतंच. जागं यंत्र सरासरी पन्नासच्या आसपास घेत होतं. आकडे बारीक दिसतात, पण ते दिवसाचे चोवीस तास चालतात. पंचवीस मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ०.६ अँपिअर-तास आणि पन्नास म्हणजे १.२. दोन्ही मिळून १.८. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. शिसे-आम्लाची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरू दिली की सेल्फ कुरकुरतो आणि प्लेटांवर सल्फेट बसून तिचं आयुष्यही घटतं, म्हणून अर्धीच आपली धरायची. साडेसतरा भागिले १.८, नऊ-दहा दिवस. हा हिशेब नव्या बॅटरीचा. जुन्या बॅटरीची ताकद दोन-तृतीयांश उरली असेल तर आठवडासुद्धा निघत नाही.

मिस्त्रींनी कागदावरचा हिशेब दोनदा वाचला आणि त्यानंतर ते माझ्याइतकेच या कामात गुंतले.

पर्याय एकेक करून पाहिले. सिगारेट लायटरच्या खाचेत यूएसबी चार्जर लावणं सगळ्यांत सोपं, पण आमच्या गाडीत ती खाच चावीबरोबर बंद होते आणि चार्जर कोणीही उपटून फोनला लावतो. नुसतं चावीवर जोडलं तर उभ्या गाडीत यंत्र आतल्या छोट्या सेलवर काही तास तग धरतं आणि मग गप्प होतं. रात्री गाडी शेडमधून कोणी ढकलत नेली तर यंत्राला पत्ताही लागणार नाही. मधल्या दिरांनी पॉवर बँक सुचवली. पण बहुतेक पॉवर बँका जोडलेलं यंत्र फारच थोडा करंट घेतंय असं दिसलं की फोन भरला असं समजून स्वतःच बंद होतात. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर एवढा मोठा लिथियमचा डबा ठेवणं धोक्याचं.

शेवटी तीन वायरींची जोडणी ठरली. लाल वायर कायम करंटवर, काळी बॉडीच्या अर्थिंगला आणि तिसरी चावीच्या करंटवर. तिसरी वायर यंत्राला चालवत नाही. चावी लागली आहे की नाही, एवढंच सांगते. चावी निघाल्यावर काही मिनिटांनी यंत्राने झोपायचं, जीपीएस आणि मोडेम बंद ठेवायचे, ठरलेल्या वेळाने एकदा उठून जागा कळवायची आणि पुन्हा झोपायचं. ही सोय यंत्रात होती, पण कारखान्यातून ती बंद येते. एसएमएस पाठवून ती चालू केली. झोपेतला करंट आठ मिलिअँपिअरपर्यंत उतरला. आता गाडी आणि यंत्र मिळून दिवसाला ०.८ अँपिअर-तास. नवी बॅटरी असेल तर तीन आठवडे, जुनी असेल तरी दोन.

राहुरीत मोजलेला आकडा गावात आल्यावर मात्र टिकला नाही. इथे दोन गोष्टी आडव्या आल्या आणि दोन्ही आमच्याच मातीतल्या होत्या.

पहिली, टॉवर. आमच्या वस्तीवर नेटवर्क क्षीण असतं. टॉवर लांब असला की मोडेम पूर्ण ताकदीने बोलतो. २जीचा मोडेम त्या क्षणी दोन अँपिअरपर्यंत झटके घेतो. संदेश गेला नाही तर पुन्हा प्रयत्न करतो आणि तेवढा वेळ जागा राहतो. त्यामुळे तेच यंत्र राहुरीपेक्षा शेडमध्ये जास्त खात होतं. उपाय म्हणून रात्री जागा कळवण्याचं अंतर वाढवलं आणि यंत्र डॅशबोर्डच्या पोटातून काढून काचेजवळच्या प्लास्टिकखाली, उन्हाचा थेट तडाखा लागणार नाही अशा कोपऱ्यात बसवलं. वर गाडीचं लोखंड नसल्याने उपग्रहही चांगले दिसू लागले.

दुसरी, ऊस. यंत्रात हादरा ओळखणारा सेन्सर असतो. गाडी हलली की तो यंत्राला उठवतो. गळीत हंगामात आमच्या घरासमोरून कारखान्याकडे रात्रभर उसाच्या डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर जातात. प्रत्येक ट्रॅक्टरबरोबर शेडचा पत्रा थरथरायचा आणि आमचं यंत्र जागं व्हायचं. फोनवर रात्रभराच्या नोंदी पाहिल्यावर ते लक्षात आलं. सेन्सरची संवेदनशीलता खालच्या पायरीवर आणली; आता दार उघडलं किंवा गाडी ढकलली तर यंत्र उठतं, रस्त्यावरच्या ट्रॅक्टरने नाही. यंत्राच्या डब्यावर छापलेला झोपेतला करंट हा शांत जागी, चांगल्या टॉवरखाली मोजलेला असतो. आपल्या दारातला करंट आपणच मोजावा लागतो.

तरीही एक पहारा हवा होता. कोणी दिवा चालू ठेवून गेलं, किंवा बॅटरी म्हातारी झाली, तर यंत्राने माघार घ्यायला हवी. त्यासाठी कमी व्होल्टेजला तोडणारं छोटं मॉड्यूल मिळतं. पूर्ण भरलेली, विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, अर्धी झाली की १२.२ च्या आसपास येते. आम्ही १२.१ वर तोड ठेवली. बाजारातली स्वस्त मॉड्यूलं रिलेची असतात आणि रिले धरून ठेवायलाच तीस मिलिअँपिअर लागतात, म्हणजे झोपलेल्या यंत्राच्या कितीतरी पट. म्हणून ट्रान्झिस्टरवर चालणारं घेतलं, आणि तेही काही सेकंद वाट पाहून तोडणारं. सेल्फ मारताना व्होल्टेज क्षणभर दहाच्याही खाली जातं. थांबण्याची सोय नसती तर प्रत्येक सेल्फला यंत्राची वीज गेली असती. खरोखर तोड झाली तर यंत्र आतल्या सेलवर येतं आणि ‘वीज गेली’ असा संदेश पाठवतं. तो आला की आमच्यापैकी कोणीतरी गाडी काढून राहुरीपर्यंत फिरवून आणायची, असं ठरलं आहे.

जोडणीत मिस्त्रींचा हात बोलतो. करंट घेतला त्या जागेजवळच एक अँपिअरचा फ्यूज घातला, म्हणजे पुढे वायर कुठे घासून उघडी पडली तरी आग लागणार नाही. अर्थिंगसाठी बॉडीचा रंग खरवडून बोल्टखाली लग आवळला. सांधे नुसते पिळून टेप न लावता सोल्डर केले आणि त्यांवर आकसणारी नळी चढवली. बॅटरीचे टर्मिनल घासून घट्ट केले, कारण चालत्या गाडीत टर्मिनल सुटलं तर अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणात कितीतरी पट उसळतं आणि स्वस्त यंत्रं तिथेच जळतात. हे काम करताना त्यांनी शेजारच्या पोराला प्रत्येक गोष्ट समजावून सांगितली, ते मला फार आवडलं.

यंत्र बसवण्याआधी तिन्ही घरांना एकत्र बसवून मी एक गोष्ट स्पष्ट केली होती. गाडी कोण कुठे नेतं यावर नजर ठेवायला हे नाही. जागा सगळ्यांच्या फोनवर सारखी दिसेल, एकट्या कोणाच्या नाही. जुन्या नोंदी कोणी उकरायच्या नाहीत. थोरले दीर आधी थोडे नाराज होते. सगळ्यांना सारखं दिसणार म्हटल्यावर त्यांनी मान्य केलं. माणसाला न सांगता त्याच्या गाडीत असं यंत्र लपवणं मला चुकीचं वाटतं, मग तो दीर असो की पगारी ड्रायव्हर.

गेल्या हिवाळ्यात कांदा लागणीच्या धामधुमीत गाडी आठवड्याहून जास्त शेडमध्ये उभी होती. पहाटे गारठा इतका की शेकोटीशिवाय बाहेर बसवत नव्हतं, आणि गारठ्यात बॅटरीची ताकद आणखी कमी होते. अशाच एका पहाटे आजींचा दम वाढला. थोरल्या दिरांनी चावी फिरवली, गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. मी मागे थांबले आणि फोनवर त्यांना विळद घाट ओलांडून नगरात शिरताना पाहिलं. नगरला राहणाऱ्या नणंदेला वेळेवर निरोप देता आला; गाडी पोचली तेव्हा ती दवाखान्याच्या दारात उभी होती. आजी दोन दिवसांत घरी आल्या.

आता वस्तीवरचे लोक मला विचारतात, कोणतं जीपीएस घेऊ. मी कंपनीचं नाव सांगत नाही. दुकानात किमतीआधी तीन गोष्टी विचारा, असं सांगते: झोपेत किती मिलिअँपिअर घेतं, चावीची वेगळी वायर आहे का, आणि बॅटरी उतरू लागली तर ते काय करतं. मग आपली गाडी सलग किती दिवस उभी असते ते आठवा आणि कागदावर भागाकार करा. रोज धावणाऱ्या गाडीला हे सगळं लागत नाही. पण आजारपणासाठी राखलेली गाडी असेल, तर तिचा पहिला सेल्फ हा त्या घराचा हक्क आहे. तो कोणत्याही यंत्राने खाता कामा नये.