फेऱ्या कोण मोजत होतं?

मुलांनो, प्रत्येक वर्गात एक तरी असा असतोच, जो कुठंही चालत म्हणून जात नाही. पाणी प्यायला पळत, डबा धुवायला पळत, खडू आणायला पाठवला तरी पळत! आमच्या धायरीच्या शाळेत चौथीत असा एक मुलगा होता. सकाळी धायरी फाट्यावर गाड्या खोळंबलेल्या असायच्या आणि हा पठ्ठ्या दप्तर पाठीवर नाचवत सगळ्यांच्या पुढे शाळेत हजर! त्याचं मला भारी कौतुक.

एका शनिवारी मी वर्गाला ‘बुधिया सिंग : बॉर्न टू रन’ हा 2016 सालचा हिंदी चित्रपट दाखवला. बुधिया ओडिशातला. झोपडपट्टीत वाढलेला, घरची अतिशय गरिबी. बिरंची दास नावाच्या जुदो प्रशिक्षकांनी त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं. एकदा त्यानं शिवी दिली म्हणून त्यांनी त्याला पळायची शिक्षा दिली आणि ते कामाला निघून गेले. काही तासांनी परत येऊन पाहतात, तर पोरगा अजून पळतोच आहे! पुढे 2 मे 2006 रोजी, अवघ्या चार वर्षांचा बुधिया पुरीहून भुवनेश्वरच्या दिशेनं 65 किलोमीटर धावला. 7 तास 2 मिनिटं! पुण्याहून लोणावळा साधारण तेवढंच लांब आहे. आणि आपण लोणावळ्याला जातो ते लोकलमध्ये बसून, चिक्की खायला!

मनोज वाजपेयींनी प्रशिक्षकाचं काम इतकं छान केलंय, की मी मनानं त्यांच्याच बाजूची होऊन गेले. बुधिया झालेल्या मयूर पाटोळेनं तर पोरांना वेडच लावलं. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळालाय.

सोमवारी मधल्या सुट्टीत आमचा हा पठ्ठ्या चपला काढून मैदानावर पळायला लागला. मैदान लहान, एक फेरी दीडशे मीटरची असेल. मुलं मोठ्यानं मोजू लागली. वीस झाल्या, पंचवीस झाल्या. घंटा झाली, तरी मी कुणाला वर्गात जा म्हटलं नाही. उलट मीसुद्धा मोजायला लागले. चाळिसाव्या फेरीला टाळ्यांचा कडकडाट! म्हणजे सहा किलोमीटर, अनवाणी, भर उन्हात.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची आई आली. दोन्ही तळव्यांना फोड आले होते, रात्रभर पोटऱ्या दुखून तो रडला होता. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “बाई, त्याला दुखलं तरी तो कधी सांगत नाही. तुम्हीच विचारायचं होतं ना.”

मला काही बोलताच येईना.

त्यानंतर मी बुधियावरचाच दुसरा एक चित्रपट मिळवून पाहिला. पण हा होता माहितीपट : जेमा अटवाल यांचा 2010 सालचा ‘मॅरेथॉन बॉय’. यात कुणी नट नाही. खरा बुधिया, खरे बिरंची दास, खरी आई. चित्रपट लिहिणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो. इथे मात्र घटना घडत होत्या आणि कॅमेरा काही वर्षं त्यांच्या मागे चालला होता. त्या धावेनंतर सरकारनं बुधियाच्या लांब पळण्यावर बंदी घातली. मुलगा नेमका कुणाचा, यावरून मोठी माणसं भांडत राहिली. 2008 साली बिरंची दास यांचा गोळ्या घालून खून झाला. तोच पोरगा, तोच रस्ता. पण या वेळी माझं लक्ष पायांवरून चेहऱ्याकडे गेलं. आणि त्याच्या आजूबाजूला टाळ्या वाजवणाऱ्या मोठ्यांकडे. त्या गर्दीत मला मीच दिसले!

हा माहितीपट मोठ्यांसाठी आहे बरं का. आई-बाबांनी आधी पाहावा, मगच मुलांना काय ते सांगावं.

म्हणजे चित्रपट खोटा आणि माहितीपट खरा, असं समजायचं का? तसंही नाही. आपल्या बारामतीच्या लताबाई करे तुम्हांला माहीत असतील. नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे नव्हते, म्हणून साठी ओलांडलेल्या या बाई 2013 साली बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. 2020 साली त्यांच्यावर ‘लता भगवान करे’ हा मराठी चित्रपट निघाला. दिग्दर्शक नवीन देशबोइना यांनी नामवंत नटी न घेता लताबाईंचं काम लताबाईंनाच दिलं! त्यांचे यजमान भगवान करेही त्यात स्वतःचंच काम करतात. लताबाईंच्या कामाचा राष्ट्रीय पुरस्कारांत खास उल्लेख झाला.

हा चित्रपट लिहून, ठरवून केलेला आहे. पण पडद्यावरचे पाय खरे आहेत, शेतात राबलेले. तो पाहताना मला टाळी वाजवावीशी वाटली नाही. वाटलं, या आजींवर औषधपाण्यासाठी धावायची वेळच का यावी? हा चित्रपटही शर्यतीपाशी आपल्याला सोडतो, आयुष्य पुढे चालूच राहतं. 2021 साली करोनाच्या साथीत भगवान करे गेले.

तेव्हा मुलांनो, धावणाऱ्यावरचा चित्रपट जरूर पाहा. अंगावर काटा येऊ द्या. पण घरी आल्यावर एकमेकांना दोन प्रश्न विचारा. तो धावत होता तेव्हा त्याच्या बाजूला कोण उभं होतं? आणि ‘दुखतंय का रे?’ असं त्याला कुणी विचारलं का?

आमचा पठ्ठ्या फोड बरे झाल्यावर पुन्हा मैदानावर आला. आता तो बूट घालून, सकाळच्या उन्हात पळतो. मीही बाजूला उभी असते. पण फेऱ्या मोजायचं काम मी मुलांकडे दिलंय. दर दोन फेऱ्यांनी मी त्याला थांबवते, पाणी देते आणि विचारते, “काय रे, दुखतंय का?”

पहिले काही दिवस तो नुसता मान हलवून ‘नाही’ म्हणायचा. परवा मात्र पहिल्यांदाच म्हणाला, “हो बाई, थोडं दुखतंय.”

चाळीस फेऱ्यांना वाजवली नव्हती, तेवढी मोठी टाळी मी त्या दिवशी वाजवली!