काटकसरीची पेठ : लॅमिंग्टन रोड

मैत्रिणींनो, मुंबईला आलात म्हणजे राणीची बाग, महालक्ष्मी, चौपाटी हे तुम्ही पाहताच. दादरची साड्यांची दुकानंही सुटत नाहीत. पण आज मी तुम्हाला नेणार आहे ती जागा सहलीच्या यादीत कधीच नसते. तिथली खरेदी आपण 'ह्यांच्या'वर सोपवून मोकळ्या होतो. ही जागा म्हणजे ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड.

जायचं तर पश्चिम रेल्वेची धीमी लोकल घ्या. जलद गाडी ग्रँट रोडला थांबत नाही. आम्ही डोंबिवलीकर दादरला पूल ओलांडून गाडी बदलतो. स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं की थोडं चालून हा रस्ता लागतो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं हे नाव. रस्त्याचं आताचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण लोकांच्या तोंडी अजून जुनंच. १९७५ साली लागलेला 'शोले' इथल्याच मिनर्व्हात पाच वर्षं चालला. ते थिएटर आता राहिलं नाही. आजची गर्दी असते ती वायरी, चार्जर, रिमोट, कॅमेरे आणि संगणकाचे सुटे भाग घेणाऱ्यांची. रविवारी मात्र जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

पहिल्यांदा गेलं की बावरायला होतं. फळीएवढी दुकानं, काउंटरवर माणसांची चळत, आणि दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला : "भाभी, पुराना पीस लाये हो?" या प्रश्नातच इथल्या खरेदीचं सारं मर्म आहे. भाजी आपण नजरेनं निवडतो, इथे आकड्यानं निवडायची. म्हणून घरून निघतानाच जुना भाग पिशवीत टाकावा, किंवा त्यावरच्या लेबलाचा नीट फोटो काढून घ्यावा.

छताच्या पंख्याचंच घ्या. पंखा हळू फिरतो, हातानं ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही, तेव्हा बहुतेक वेळा दोष असतो तो त्यातल्या छोट्या कपॅसिटरचा. त्यावर २.५ किंवा ३.१५ असा मायक्रोफॅरडचा आकडा असतो. तोच आकडा मागावा. किंमत किरकोळ असते. बसवायचं काम मात्र मेन स्विच बंद करून वायरमनकडूनच करून घ्यावं. पंखा खडखडत असेल तर दुखणं वेगळं, बहुधा बेअरिंगचं.

आता नवा पंखा कधी घ्यावा? साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीसएक वॅट. रोज बारा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला साधारण सोळा युनिटं वाचतात. तेव्हा दिवसभर फिरणारा बैठकीतला पंखा बदलावा आणि पाहुण्यांच्या खोलीतल्याला नुसता कपॅसिटर घालावा. दोन्हीकडे काटकसरच आहे!

रिमोट बंद पडला तर नवा घेण्याआधी तो मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर बारीकसा दिवा चमकला, तर रिमोट ठीक आहे, दोष टीव्हीत शोधावा.

आमची खरी कसोटी लागली ती लॅपटॉपपायी. मुलगी बारावीला, आणि २०१९ साली घेतलेला लॅपटॉप सुरू व्हायला चहा उकळण्याइतका वेळ घेई. आमच्या गावातल्या दुरुस्तीवाल्यानं न उघडताच सांगितलं, "नवाच घ्या ताई." नवा म्हणजे तिच्या क्लासच्या फीचे पैसे मोडायचे! लॅमिंग्टन रोडवरच्या कारागिरानं तो उघडला. आत जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती. तिच्याजागी एसएसडी बसवली, मेमरीही वाढवली. नव्याच्या दहाव्या हिश्शात काम झालं, फी शाबूत राहिली.

पण हा खर्च करण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. एक, आपल्या लॅपटॉपला मेमरी कोणती लागते? डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसत नाही. दुसरी, त्यात विंडोज ११ चालतं का? विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. चालत नसेल तर पैसे घालताना दहादा विचार करावा. आणि उघडण्यापूर्वी मुलांच्या फाइली, फोटो दुसरीकडे उतरवून घ्यावेत.

जुना मोबाइल घ्यायचा मोह होतोच. तेव्हा त्यावर *#०६# दाबा. पंधरा आकडी क्रमांक दिसेल. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवा. उत्तरात तो फोन काळ्या यादीतला किंवा दुबार क्रमांकाचा निघाला, तर कितीही स्वस्त असो, हात लावू नये.

पक्कं बिल मागायला लाजू नका. बिलावर वस्तूचा अनुक्रमांक लिहून घ्या, वॉरंटी किती आणि कुणाची तेही. "बिल के बिना कम लगेगा" असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढच्या दुकानी जावं. दोन-तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय पर्स उघडू नये, हे तर तुम्हाला मी सांगायला नकोच.

या महिन्यात घरात काय अडून बसलंय, त्याची यादी आजच करा. वस्तूच्या नावापुढे तिच्या लेबलावरचा आकडा तेवढा लिहायला विसरू नका.