पण आई, हे आपल्याला कळलं कसं?



पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. वाचताना मध्येच "अगं, आमच्याकडेपण हेच झालं" असं वाटलं तर मला नवल वाटणार नाही. ही चूक माझी एकटीची नसावी असा मला दाट संशय आहे.

ज्यांची मुलं इथे ओंटॅरिओत ग्रेड ४ला आहेत किंवा होती, त्यांना माहीत असेल. सोशल स्टडीजमध्ये १५०० सालापर्यंतचे जुने समाज शिकवतात. इजिप्त, ग्रीस, चीन, माया, आणि इथलेच फर्स्ट नेशन्स आणि इनुइट. लेकीच्या वर्गात प्रत्येकाने एक समाज निवडायचा, त्यावर पाच ट्रिव्हिया प्रश्न काढायचे आणि वर्गाला विचारायचे असं ठरलं. लेकीने भारत निवडला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ती बिचारी लायब्ररीतून पुस्तक आणायचं म्हणत होती. मी म्हटलं, पुस्तक कशाला, मी आहे ना. फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आलेला होता, 'प्रत्येक भारतीयाला अभिमान वाटावा अशा गोष्टी'. त्यातून दहा मिनिटांत पाच प्रश्न काढून दिले. पहिला अर्थातच, शून्याचा शोध कोणी लावला? उत्तर: आर्यभट.

त्या दिवशी ती घरी आली ती गप्प. दप्तर टाकलं, पोळीचा रोल तसाच ठेवला. रात्री झोपताना बोलली. शून्याचा प्रश्न विचारल्यावर वर्गातला एक मुलगा उभा राहिला. त्याचे आईबाबा ग्वाटेमालाचे, त्याचा विषय माया. तो म्हणाला, मायांकडेपण शून्य होतं. टीचरने दोघांनाही शांतपणे एकच प्रश्न विचारला, हे आपल्याला कळलं कसं? तो म्हणाला, त्यांनी दगडांवर तारखा कोरल्या आहेत, त्यात शून्यासाठी वेगळं चिन्ह असतं. त्याने त्याचं चित्रही आणलं होतं. मग सगळा वर्ग लेकीकडे बघायला लागला.

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, माझी आई म्हणाली."

दोन-चार मुलं हसली. टीचर रागावली नाही, उलट म्हणाली, शोधून ये. पण लेकीने मला जे सांगितलं ते मला अजून टोचतं. "आई, मी इजिप्त घेते. त्यांच्याकडे पिरॅमिड तरी आहेत. आपल्याकडे नुसती उत्तरं आहेत."

मी रात्री जागी राहिले. भारताबद्दल अभिमान वाटावा म्हणून मी जे दिलं, त्याच्यामुळेच तिला भारत नकोसा झाला होता.

आता थोडं आपल्याबद्दल. आपण कुठे शिकलो असं विचार करायला? चौथीत शिवछत्रपतींचं पुस्तक, आणि त्याखाली रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, एका वाक्यात उत्तरे लिहा. स्कॉलरशिपची गाईडं. दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' लागला की बाबा टीव्हीच्या आधी उत्तर द्यायचे आणि आम्ही त्यांच्याकडे देवासारखं बघायचो. क्विझला मी नावं ठेवत नाहीये, मला अजूनही आवडतात. आणि गंमत म्हणजे ट्रिव्हियाचं वेड जगभर नेणारा 'ट्रिव्हियल पर्सूट' हा खेळ कॅनडाचाच. १९७९च्या डिसेंबरात माँट्रियलमध्ये दोन पत्रकार स्क्रॅबल खेळायला बसले, तर त्यातल्या सोंगट्या हरवलेल्या. त्यातून हा खेळ निघाला. आमच्याकडे थ्रिफ्ट स्टोअरमधून आणलेला एक जुना डबा आहे, त्यात इतिहासाचा रंग पिवळा. आमच्या घरी पिवळ्यासाठी मारामारी असते. पण त्या रात्री ती कार्डं चाळताना लक्षात आलं, मागच्या बाजूला उत्तर असतं, ते उत्तर आलं कुठून हे कुठेच नसतं.

तर मी शोधायला बसले. आणि मंडळी, माझं उत्तर धड बरोबरही नव्हतं. आर्यभटाने संख्या अक्षरांत लिहिल्या, त्याच्या ग्रंथात शून्याचं चिन्ह नाही. शून्याने बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ साली लिहिले. आणि डोळ्यांनी बघायचं असेल तर ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिर आहे, तिथे ८७६ सालचा शिलालेख आहे. देवळाला फुलबागेसाठी जमीन दिली, लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि रोज देवाला ५० हार. त्या २७० आणि ५० मधलं शून्य आपल्या आजच्या शून्यासारखंच, छोटं गोल. म्हणजे हे शून्य कुठल्या ऋषींच्या ध्यानात वगैरे नाही, देवाच्या हारांच्या हिशोबात सापडतं! लेकीला हे सांगितलं तर ती उठून बसली. "रोज फिफ्टी हार? कोण बनवायचं?" भारताबद्दल तिने आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न.

मग तिला नाणेघाट दाखवला, फोटोत. जुन्नरजवळचा घाट, सुमारे २००० वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा लेख. यज्ञात किती गाई दिल्या, किती नाणी दिली, असे आकडे त्यात आहेत. पण दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. शून्य नाहीच, कारण त्या पद्धतीत त्याची गरजच नव्हती. म्हणजे 'कोणी शोध लावला' हा प्रश्नच जरा कच्चा आहे. मायांनी त्यांचं शून्य काढलं, आपल्याकडे आपलं घडत गेलं. वर्गातला तो मुलगा खोटं बोलत नव्हता आणि त्यामुळे आपलं काही कमीही होत नव्हतं.

नाणेघाटावरून मला माझं माहेर आठवलं. ते शिरूर तालुक्यात, जुनी माणसं शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात. त्याच घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती, शंभराहून जास्त घरं. मी तिथून हाकेच्या अंतरावर वाढले आणि एकदाही गेले नाही. पिरॅमिडची उंची मात्र पाठ होती.

लेकीला इनामगावचं वाचून दाखवताना मला थांबावं लागलं. तिथे लहान मुलं दगावली की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. लेक बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "घरातच ठेवलं, म्हणजे त्यांना लांब पाठवायचं नव्हतं का?" मी म्हटलं, असेल, पण त्यांनी लिहून ठेवलेलं नाही. मडकी मिळाली हे नक्की. का केलं, हा आपला अंदाज. नक्की काय आणि अंदाज काय, हे दोन रकाने तिने वहीत आखले. ती वही अजून चालू आहे.

शनिवारी सकाळी आईशी, म्हणजे तिच्या आजीशी, व्हिडिओ कॉल. आजी पंचाहत्तरीची. लेकीने वही घेऊन मुलाखतच सुरू केली. "आजी, तुझ्या गावात जुनं काही होतं का?" आजी म्हणाली, "जुनं कसलं गं, पांढर होती आमची." मग आजीने तिला काळी आणि पांढरी समजावली. काळी म्हणजे शेतीची माती, पांढरी म्हणजे माणसं राहून राहून राखेने, चुन्याने फिकी झालेली वस्तीची माती. गावाबाहेर तसं एक टेकाड होतं, त्याची माती बायका डोक्यावरून आणायच्या आणि धाब्याच्या छपरावर घालायच्या. "मी स्वतः वाहिलीय," आजी म्हणाली. आणि माती खणताना खापऱ्या निघायच्या. लाल, वर काळ्या रेघा. "त्याची आम्ही ठिकरी करायचो, लंगडीच्या घरात टाकायला."

लेकीने पुस्तकातलं चित्र स्क्रीनसमोर धरलं. जोर्वे संस्कृतीची भांडी, लाल, वर काळ्या रेघा. आजीने चष्मा वर केला, खाली केला. "अगं बाई. अशीच की."

आम्ही तिघी गप्प. मग लेकच म्हणाली, "पण आजी, तीच होती हे नक्की कसं कळणार? तू ठेवलीस का एखादी?" आजी हसली. "खेळून फेकून दिली, पोरी." लेकीने वहीत आजीचं सगळं 'अंदाज'च्या रकान्यात लिहिलं, आणि 'आजीने स्वतः माती वाहिली' एवढं 'नक्की'च्या.

त्यानंतर आमच्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मुलांच्या क्विझचं काम माझ्याकडे आलं. मी नियम बदलला. उत्तराला एक गुण, 'कळलं कसं' याला दोन. खरं सांगते, कार्यक्रम म्हणून तो फसलाच. वीसपैकी आठच प्रश्न झाले, जेवण उशिरा सुरू झालं आणि काही पालकांनी मला ते ऐकवलंही. पण मुलं हटेनात. त्यातले तीन प्रश्न तुमच्यासाठी, लाँग ड्राइव्हला वापरा.

एक. कोलंबसच्या आधी युरोपचे लोक कॅनडात आले होते का? हो, न्यूफाउंडलंडला लान्स ओ मेडोजला, वायकिंग. कसं कळलं? तिथे १९६० साली वस्तीच्या खुणा सापडल्या. आणि ९९३ साली अवकाशातून आलेल्या किरणांची खूण जगभरच्या झाडांच्या वलयांत राहिली आहे. तिथल्या लोखंडी हत्याराने तोडलेल्या लाकडात त्या खुणेपासून सालीपर्यंत २८ वलयं मोजली. ९९३ अधिक २८, म्हणजे १०२१. मुलांनी ही बेरीज हॉलमध्ये ओरडून केली.

दोन. पाँपेईच्या राखेत १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय मूर्ती सापडली. ती तिथे कधी पोचली असेल? ७९ सालाच्या आधी, कारण त्या वर्षी ज्वालामुखीने गाव गाडलं. आणि तिच्यासारख्या छोट्या मूर्ती आपल्याकडे धाराशिवजवळच्या तेरला आणि जालन्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत.

तीन. फ्रँकलिनची दोन जहाजं कुठे बुडाली? हा प्रश्न मी मुद्दाम ठेवला होता. १८४५ साली इंग्लंडहून निघालेली ही जहाजं आर्क्टिकच्या बर्फात अडकली आणि १२९ माणसं गेली. इनुइट लोकांनी १८५४ सालीच त्यांच्याबद्दल सांगितलं होतं, लंडनमध्ये भल्याभल्यांनी ते उडवून लावलं. इनुइट घरांत मात्र आजी-आजोबांकडून नातवंडांकडे ती हकिकत येत राहिली. 'एरेबस' २०१४ साली सापडलं आणि 'टेरर' २०१६ साली, आणि दोन्ही वेळा तिथल्या लोकांचं सांगणं उपयोगी पडलं.

यावर एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आजी म्हणाली हे चालतं!" सगळे हसले. माझी लेक मागून म्हणाली, "चालतं. पण तिने पाहिलं की ऐकलं, आणि कोणाकडून, ते विचारायचं."

मी किचनच्या दारात उभी होते, हातात पुलावाचा डाव. त्या मुलीला काही महिन्यांपूर्वी मी दहा मिनिटांत पाच उत्तरं देऊन टाकली होती.

आपण इथे मुलांना काय देऊ शकतो? भाषा निसटते, सण शनिवार-रविवारवर ढकलले जातात. मग आपण घाईघाईने अभिमान भरवतो, कारण तो फॉरवर्ड करता येतो. पण वर्गात कोणी "कशावरून?" विचारलं की तो एका मिनिटात फुटतो, आणि तिथे आपण नसतो, मूल एकटं असतं. त्यापेक्षा त्यांना कशावरून ते सांगा. माहीत नसेल तर सोबत शोधा. आणि आजी-आजोबा आहेत तोवर त्यांना विचारून घ्या, कारण खापऱ्या त्यांनी फेकल्या, पण आठवण अजून त्यांच्याकडे आहे.

या शनिवारी फोन लावाल तेव्हा "जेवलात का, तब्येत कशी" झाल्यावर फोन मुलांच्या हातात द्या. त्यांना एकच प्रश्न विचारू द्या: तुमच्या गावाची पांढर कुठे होती? काय उत्तर मिळालं ते मला नक्की सांगा. लेकीच्या वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत.