कळा आणताना

कळा आणायचं ठरलं असेल तर घरच्यांना आधी एकच बजावावं: फोन करू नका. सकाळी दाखल केलं म्हणजे संध्याकाळी पेढे, असाच आमच्याकडे सगळ्यांचा समज. दुपारपासून आत्या, काकू, सासूबाई एकेक करून विचारायला लागल्या, "झालं का गं?" आणि मी आपली कुशीवर पडून वरणभात जेवत होते.

तारीख उलटून गेली होती, सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणीही कमी दिसत होतं. ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर फार थांबू नये असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते, त्यामुळे डॉक्टरांशी वाद घालायचं कारण नव्हतं. पण नुसतं सलाईन लावून भागत नाही, हे तिथे गेल्यावर कळलं. पिशवीचं तोंड घट्ट आणि मिटलेलं असेल तर आधी ते मऊ करावं लागतं. त्यासाठी फ्रीजमधलं गार जेल सिरिंजने आत सोडतात. त्याआधी आणि नंतर पोटाला पट्टे बांधून बाळाचे ठोके बघतात. अर्धा तास हलायचं नाही. मग सहा तास वाट बघायची आणि पुन्हा तपासणी. ही आतून तपासणी मला कळांइतकीच नकोशी वाटली. तेव्हा श्वास रोखून न धरता सोडत राहावा, एवढं तिथल्या मावशींनी शिकवलं. "एकच बोट उघडलंय," असं सिस्टर म्हणाल्या की आईचा चेहरा पडायचा.

दुसऱ्या जेलनंतर रात्री कंबर धरली. पहाटे डॉक्टरांनी पाणमोट फोडली. ती फोडायचा हूक बघून घाबरले होते, पण दुखलं नाही, नुसता कोमट पाण्याचा लोंढा. मग ऑक्सिटोसिनची ड्रिप. आपोआप येणाऱ्या कळा हळूहळू चढतात म्हणे. या मात्र उसंतच देईनात. दर अर्ध्या तासाने मशिनवरचा वेग वाढवत, दहा मिनिटांत तीन-चार कळा येईपर्यंत. जास्त झाल्या तर ड्रिप बंद करतात, जोर काही मिनिटांत ओसरतो. जेलचं तसं नाही, म्हणून तर ते एवढं जपून देतात. नवऱ्याने मोबाइलवर शोधून सांगितलं, ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनवणाऱ्या शास्त्रज्ञाला १९५५ साली नोबेल मिळालं. मी म्हटलं, त्याला इथे बोलाव.

एपिड्युरल घ्यायचं मनात असेल तर दाखल होतानाच सांगावं. लहान हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ बाहेरून येतात. आमचे येईपर्यंत मी नवऱ्याच्या मनगटावर नखं उमटवली होती.

दुपारी मुलगी झाली. आता ही सुई काढा म्हटलं तर सिस्टर म्हणाल्या, "अजून नाही. पिशवी आकसायला हवी, नाहीतर रक्त जातं." म्हणजे तीच ड्रिप, पुढे आणखी काही तास.

संध्याकाळी काकूंचा फोन आईने घेतला. "नॉर्मल ना? मग काय, सहज सुटली पोरगी!" आईने उत्तरच दिलं नाही, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तूच सांग त्यांना."