काळा म्हणजे नक्की कसा काळा?

शुक्रवारी रात्री साडेनऊला आईचा फोन. एरवी ती रविवारी सकाळी करते, त्यामुळे उचलताना जरा धस्स झालंच.

"अरे, माझा लॅपटॉप काळा पडलाय. चालू होतो, पण पडद्यावर काहीच नाही."

मी नुकताच ऑफिसातून आलो होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधून डोकं भणभणलेलं. म्हटलं, "बंद करून परत चालू कर." ते तिने चार वेळा केलं होतं. "मग दुकानात दे."

"संध्याकाळी नेला होता. तो म्हणाला विंडोज उडालंय, सगळं पुसून नवीन टाकून देतो. मुलाला विचारून सांगते म्हणून परत आणला."

"टाकू दे की मग."

पलीकडे क्षणभर शांतता. मग आईने विचारलं, "त्यात माझ्या ओव्या राहतील ना?"

इथे मात्र मी खडबडून जागा झालो.

थोडं मागे जातो. आई साताऱ्याच्या एका शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यावर घरात बसणं तिला जमेना. गेली तीन वर्षं ती आसपासच्या गावांत म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन जात्यावरच्या ओव्या लिहून घेते. फार मोठं काम वगैरे नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यापुढे आईच्या सहाशे-सव्वासहाशे म्हणजे ओंजळभर. पण त्या तिच्या ओळखीच्या बायकांच्या. पहिले सहा महिने ती वहीत लिहायची. "वही कशाला, थेट टाईप कर," असं सांगणारा शहाणा मीच. फोनवर रेकॉर्ड करायला बायका लाजायच्या, म्हणून तेही नाही. आणि बॅकअप? तोही मीच घेऊन देणार होतो. दिवाळीत. मागच्या.

त्या बायकांपैकी दोघी या वर्षात गेल्या.

असो. खुर्चीत नीट बसलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"आई, काळा म्हणजे नक्की कसा काळा?"

"काळा म्हणजे काळा. अमावस्येचा."

"अमावस्येचा की फळ्याचा? खोलीतला दिवा घालव आणि बघ. पडद्यातून थोडासा तरी करडा उजेड येतोय का?"

हा प्रश्न वाटतो तितका बाष्कळ नाही. लॅपटॉपच्या बहुतेक पडद्यांमागे एक दिवा असतो. तो चालू असेल तर चित्र नसतानाही अंधारात पडदा किंचित उजळ दिसतो. आईचा ठार काळा होता. अमावस्याच.

"सुरुवातीला कंपनीचं चिन्ह येतं का?"

"नाही. काहीच नाही."

ते चिन्ह विंडोज सुरू होण्याच्या आधी येतं. तेही दिसत नसेल तर विंडोजवर आळ घेण्यात अर्थ नाही. एक तर मशीन त्या पायरीपर्यंत पोचतच नाहीये, किंवा पोचतंय पण पडदा ते दाखवत नाहीये. यातलं कुठलं, हे शोधायचं होतं.

"बटणावरचा दिवा?" "लागतो." "पंखा?" जरा वेळाने, बहुधा कान लावून, "फिरतोय." "कॅप्स लॉक दाब. त्याचा बारका दिवा लागतो-विझतो?" "हो."

म्हणजे मशीन गोठलेलं नाही. मग पडद्याकडे न बघता तिला पिन टाकायला लावला आणि भजनांचा पेनड्राइव्ह खोचायला सांगितला.

"वाजलं! टुडुंग करून वाजलं!"

खरं सांगतो, तो टुडुंग ऐकून मला जो आनंद झाला तो मोठमोठे रिलीज यशस्वी झाल्यावरही झालेला नाही. विंडोज जिवंत होतं. पिन स्वीकारून, पेनड्राइव्ह ओळखून, मुकाट्याने आपलं काम करत होतं. फक्त तोंड दिसत नव्हतं. आणि आम्ही दोघं मिळून, म्हणजे तो दुकानदार आणि मी, ते धडधाकट विंडोज पुसायला निघालो होतो!

"आई, बंद करून ठेव. मी उद्या येतो."

शनिवारी सकाळी निघालो. डोक्यात वाईटातलं वाईट चालूच होतं. अगदीच नाही जमलं तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडू, असा विचार केला आणि खंबाटकीत आठवलं की हल्लीच्या बऱ्याच विंडोज मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद असते. ४८ आकडी किल्ली हाताशी नसेल तर डिस्क हातात असून उपयोग शून्य. ती किल्ली बहुतेकदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते, पण आईचं खातं मीच उघडलं होतं आणि त्याचा पासवर्ड... जाऊ दे.

घरी पोचल्यावर चहाच्या आधी पिशवीतून एचडीएमआय केबल काढली. एक टोक लॅपटॉपला, दुसरं आईच्या मालिकांच्या टीव्हीला. टीव्ही दोनदा लुकलुकला आणि त्यावर, बत्तीस इंचांत, आईचं फोल्डर आलं. दळणाच्या ओव्या, भावाच्या, माहेराच्या, सीतेच्या. (टीव्हीवर चित्र आपोआप आलं नाही तर विंडोजचं बटण धरून पी दाबायचं आणि पडदा निवडायचा.)

कुठे बिघडलंय ते शोधण्याचा मोह आवरला. आधी सगळ्या फाईली पेनड्राइव्हवर घेतल्या, मग माझ्या लॅपटॉपवर, मग चहा.

नंतरचं सोपं होतं. लॅपटॉपचं झाकण हळूहळू पुढे-मागे केलं तर एका कोनात पडदा क्षणभर उजळला आणि परत गेला. मदरबोर्डवरून पडद्याकडे जाणारी केबल बिजागरीतून जाते. हजारो वेळा उघड-मीट होऊन ती झिजते किंवा तिचा जोड ढिला होतो. आई झाकण नेहमी उजव्या कोपऱ्याला धरून उघडते, त्यामुळे सगळा ताण एकाच बिजागरीवर. मधोमध धरून उघडावं. दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याने सोमवारी केबल बदलून दिली. विंडोजला कोणी हातही लावला नाही.

तुमच्यावर हीच वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा. चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चालू करा. बरीच मशीनं यावरच शुद्धीवर येतात. कंपनीचं चिन्ह येऊन नंतर काळोख होत असेल तर संशय विंडोजवर किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर घ्या. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबून बघा, नाहीतर सेफ मोडमध्ये जा. पंखा फिरतोय पण चिन्ह नाही, कॅप्स लॉकही मेलेला, तर बऱ्याचदा रॅम काढून नीट बसवल्यावर काम होतं. पडद्यावर टॉर्च तिरका मारून पुसट अक्षरं दिसली तर फक्त मागचा दिवा गेलाय. आणि हे सगळं होईपर्यंत "सगळं पुसून नवीन टाकू" म्हणणाऱ्याला हो म्हणू नका. तो तुमचाच सॉफ्टवेअरवाला मुलगा असला तरी.

रात्री जेवताना मी आईला बॅकअपवर व्याख्यान दिलं. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. ती भाकरी मोडता मोडता ऐकत होती. मग म्हणाली, "हे आम्हाला काय सांगतोस? एकेक ओवी गावातल्या दहा बायकांना पाठ असायची, आणि लेकी सासरी गेल्या की दुसऱ्या दहा गावांत जायची. गिरण्या आल्या, जाती गेली, आणि प्रती कमी कमी होत माझ्या लॅपटॉपात एक उरली."

यावर मी काय बोलणार? भाजी वाढून घेतली.

रविवारी निघताना तिने मला एक कोरी दोनशे पानी वही आणायला पाठवलं. थेट टाईप कर म्हणायची माझी हिंमत झाली नाही.