पाच जिन्नस

रामनवमीला तिरुवैयारूत कुणीतरी पानकाचा पेला हातात ठेवतं. गूळ, पाणी, सुंठ, वेलची, लिंबू. मी मोजले; पाच भरले. या गावात पाच मोजायची सवयच लागते. तमिळमध्ये ‘ऐ’ म्हणजे पाच, ‘आरु’ म्हणजे नदी. संस्कृतात गाव पंचनद आणि देव पंचनदीश्वर. पलीकडे संगीतकार त्यागराजांची समाधी, पायांशी कावेरी, आणि अशा जागी बसून पेला संपवताना मला, देवा क्षमा कर, दारू आठवली.

त्याला कारण आहे. इंग्रजीतला ‘पंच’ आपल्या ‘पाच’वरून गेला, असं बहुतेक जाणकार मानतात. मद्य, साखर, लिंबू, पाणी, मसाला हे त्याचे पाच जिन्नस. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांच्या पत्रव्यवहारात हा शब्द १६३२ मध्येच सापडतो. आजच्या कॉकटेलांचा तो खापरपणजोबा. त्याच्याही मागं आपल्या पानकाचं पातेलं असणार, असं म्हणायला मला भारी आवडतं. पुरावा मागू नये.

त्या घराण्यातलं एक रत्न न्यू ऑर्लिन्सचं, नाव ‘व्यू कारे’. फ्रेंचमध्ये जुना चौक. आपण जुनी पेठ म्हणू. १९३० च्या दशकात हॉटेल माँटेलिओनमधल्या वॉल्टर बर्जेरॉननं राय धान्याची व्हिस्की, कोन्याक आणि गोड व्हर्मुथ समसमान घेतले, त्यांत चमचाभर बेनेडिक्टिन घातलं, वर दोन तऱ्हांच्या बिटर्सचे, म्हणजे कडू अर्कांचे, थेंब. मोजले तर सहा होतात, पण जाऊ द्या. राय तिखट, कोन्याक मऊ. दोघांत २७ वनस्पती-मसाल्यांचं ते मधाळ बेनेडिक्टिन मध्यस्थी करतं. पानकात गूळ आणि सुंठ यांच्यामध्ये वेलची हेच करते.

त्या बिटर्सपैकी अँगोस्टुरा हे मूळचं औषध. दक्षिण अमेरिकेत लढणाऱ्या बोलिव्हारच्या सैन्यातल्या डॉ. सीगर्ट या जर्मन शस्त्रवैद्यानं ते १८२४ मध्ये पोटाच्या तक्रारींसाठी सिद्ध केलं. त्याच काळात इथून १३ किलोमीटरवर, तंजावरात, सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात वैद्य औषधं पारखत होते आणि गुण आलेले पाठ तमिळ पद्यात बांधले जात होते. तिकडचा काढा बारमध्ये गेला, इकडचा पोथीत.

घरी पानक केलंत तर बर्फ टाकू नका, सुंठेची धार जाते. व्यू कारेला मात्र बर्फ हवाच.